दर अपडेटनंतर इ-वे बिल निघायचं बंद व्हायचं, शेवटी सापडली ती डुप्लिकेट लिब-कर्ल

एकाच सर्व्हरवर दोन-तीन ॲप चालवणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांब होईल पण मधलं सोडू नका, आमचा अख्खा हळदीचा सीझन ह्या मधल्यातच गेलाय. लिबकर्ल म्हणजे प्रोग्रॅमला नेटवरून दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला लागणारी लायब्ररी. प्रॉब्लेम असा की पीएचपी ॲपमधून बाहेर जाणारे एचटीटीपीएसचे कॉल अचानक बंद पडतात, आपण काहीतरी करतो, चालू होतं, आठ-पंधरा दिवस नीट चालतं, आणि मग एखाद्या सकाळी परत तेच, आणि मधल्या काळात कोडला कुणीही हात लावलेला नसतो. कमांड मी बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहितोय, टाकताना इंग्रजीत टाका.

मी सांगलीत विश्रामबागला बसतो, मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांची सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणजे सौदा, पट्टी, बिल, इ-वे बिल वगैरे. पूर्वी मशीन गावभागातल्या ऑफिसात तळमजल्यावर होतं, २०१९ च्या पुरात ते गेलं, तेव्हापासून भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे नेटवरचा सर्व्हर. त्यावर उबुंटू २२.०४, अपाची, आणि पीएचपी ८.१ एफपीएमवर (एफपीएम म्हणजे पीएचपी चालवणारी, सतत चालू राहणारी सर्व्हिस). त्याच सर्व्हरवर एक पायथॉनचं ॲप पण आहे, ते दुसऱ्या डेव्हलपरचं, वजनकाट्याच्या मशीनवरून आकडे घेऊन पट्टीत टाकायचं काम करतं. दोन ॲप, दोन माणसं, एक सर्व्हर, आणि भांडण दोघांच्या मध्ये पडलेल्या एका फाईलवरून.

सीझनला राजापुरी हळदीची आवक जोरात असते तेव्हाची गोष्ट. सकाळी आठला यार्डातल्या एका दुकानाच्या अण्णांचा फोन. "अरे गाडी भरून उभी हाय, बिल निघंना. डायवर ओरडालाय." गाडी तामिळनाडूला जाणार होती, परराज्यात ५० हजाराच्या वरचा माल जायचा तर इ-वे बिल लागतंच, त्यामुळं दिवाणजी पोर्टल उघडून एकेक बिल हातानं भरत बसले आणि मी घरातूनच लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये ओळ होती 'प्रोटोकॉल एचटीटीपीएस नॉट सपोर्टेड ऑर डिसेबल्ड इन लिबकर्ल', कर्ल एरर नंबर १.

इथं पहिली चूक झाली ती सांगतो, मी नंबर बघितलाच नाही. एचटीटीपीएस म्हटल्यावर मला वाटलं समोरच्यांनी सर्टिफिकेट बदललं असणार, म्हणून एपीआयवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरशी बोलून आमचं ॲप इ-वे बिल काढतं त्यांच्या, सपोर्टला फोन लावत बसलो आणि त्यांच्याकडं सगळं व्यवस्थित होतं. कर्लचा नंबर आधी बघत जा, त्यात अर्धं उत्तर असतं. ६ म्हणजे नाव सापडलं नाही, डीएनएसचं काम. ७ म्हणजे कनेक्शनच झालं नाही. ३५ म्हणजे टीएलएसचा हँडशेक फसला. ६० म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही. आणि १ म्हणजे तुमच्या मशीनवरच्या लायब्ररीलाच तो प्रोटोकॉल येत नाही, तिनं बाहेर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. म्हणजे समोरच्याला फोन करायचं कारणच नव्हतं.

पण कालपर्यंत येत होता आणि आज येत नाही असं कसं होईल. गिट पुल मारून बघितलं तर एचटीटीपीएसवरून मस्त चाललं, त्यामुळं अजून गोंधळ. हे नंतर कळलं की उबुंटूवर गिट वेगळी लायब्ररी वापरतो, लिबकर्ल-जीएनयूटीएलएस नावाची, तिचा ह्या भानगडीशी संबंधच नाही. तेव्हा गिट चालतंय म्हणजे कर्ल ठीक आहे असं धरू नका.

मग एलडीडी, म्हणजे कुठली लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड. एफपीएमच्या बायनरीवर एलडीडी चालवलं तर त्यात लिबकर्लचं नावच नाही! तास गेला ह्यात. कारण साधं आहे, पीएचपीचं कर्ल हे वेगळं एक्स्टेन्शन आहे, एफपीएम चालू झाल्यावर ते वरून उघडलं जातं, त्यामुळं मुख्य बायनरीवर एलडीडी लावून ते दिसणारच नाही. एलडीडी लावायचं ते यूएसआर-लिब-पीएचपी फोल्डरमधल्या २०२१०९०२ नावाच्या फोल्डरात कर्ल डॉट एसओ आहे त्याच्यावर, तो आकडा पीएचपी ८.१ चा एपीआय नंबर आहे, तुमची पीएचपी वेगळी असेल तर आकडा वेगळा. तिथं लावल्यावर दिसलं की लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४ ही सिस्टिमच्या फोल्डरातून येतच नाही, यूएसआर-लोकल-लिब मधून येतेय. डीपीकेजी हायफन कॅपिटल एस लावून विचारलं ही फाईल कुठल्या पॅकेजची, तर कुणाचीच नाही. म्हणजे कुणीतरी हातानं बिल्ड करून मेक इन्स्टॉल मारलेलं.

खरं तर त्याआधीही सर्व्हर सांगत होता. पीएचपी हायफन व्ही मारलं की पहिल्याच ओळीत यूएसआर-लोकल-लिबमधल्या लिबकर्लचं नाव आणि पुढं 'नो व्हर्जन इन्फॉर्मेशन अव्हेलेबल' असं येत होतं. ही ओळ दिसली की नुसती वॉर्निंग म्हणून सोडू नका. डेबियन-उबुंटूवाले त्यांच्या लिबकर्लमधल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का मारतात, एक्स्टेन्शन तो शिक्का शोधतं, हातानं बिल्ड केलेल्या लायब्ररीवर तो नसतो, म्हणून ही ओळ. लोडर, म्हणजे प्रोग्रॅम चालू होताना लायब्ररी शोधून आणणारा भाग, तेवढं बोलून पुढं जातो, प्रोग्रॅम चालू राहतो, त्यामुळं माणूस दुर्लक्ष करतो. पण अर्थ सरळ आहे, आलेली लायब्ररी डिस्ट्रोची नाही.

मी काय केलं, यूएसआर-लोकल-लिबमध्ये जाऊन लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४ उडवली, एफपीएम रिस्टार्ट केलं, बिलं निघायला लागली. अण्णांना फोन करून सांगितलं झालं म्हणून. साडेनऊ वाजले होते, गाडी गेली.

बारा-तेरा दिवसांनी परत तीच सकाळ, तोच एरर. गेलो बघायला तर ती फाईल परत तिथं. आता हे कुणी केलं? त्या काटेवाल्या डेव्हलपरला विचारलं, तो म्हणाला दादा मी तर सर्व्हरला लॉगिन पण केलं नाही ह्या आठवड्यात. लॉग बघितला, खरंच केलेलं नव्हतं. परत उडवली, परत चालू. आणि ह्यावेळी मी अजून एक चुकीचा उपाय केला, पीएचपी आणि लिबकर्लच्या पॅकेजला एपीटी-मार्क होल्ड लावला, कारण वाटलं अपडेटमुळंच होतंय तर अपडेट नको. होल्ड लावून आठवडाभर गेला आणि परत झालं. तेव्हा खरंच काही कळंना.

तिसऱ्या वेळी मी उडवायच्या आधी थांबलो आणि एलएसला फुल टाइम दाखवायला सांगून त्या फोल्डराची यादी काढली. लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४.८.० ही खरी फाईल, तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची. आणि लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४ ही फाईल नाहीच, ती नुसती लिंक आहे ४.८.० कडं बोट दाखवणारी, आणि तिची वेळ त्याच आठवड्यातली, सकाळी ६:३८. सकाळी ६:३८ ला सर्व्हरवर माणूस कुणी नव्हतं. मग एपीटीचा टर्म लॉग उघडला, त्याच दिवशी त्याच मिनिटाला ओळ होती 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर लिबसी-बिन'.

इथं सगळं उलगडलं. उबुंटूवर ऑटोमॅटिक अपडेटचा टायमर सकाळी सहाला लागतो आणि मुद्दाम तासाभरात कधीही सुटतो, म्हणून वेळ दरवेळी वेगळी पण सहा ते सातमधली. कुठलीही लायब्ररी अपडेट झाली, कर्लशी काडीचा संबंध नसलेली का असेना, की शेवटी लिबसी-बिन पॅकेजचा ट्रिगर, म्हणजे अपडेटनंतर आपोआप होणारं काम, एलडीकॉन्फिग ही कमांड चालवतो. आणि एलडीकॉन्फिगचं काम नुसतं कॅश, म्हणजे कुठली लायब्ररी कुठं आहे त्याची यादी, लिहिणं एवढंच नाही, तो प्रत्येक फोल्डरात जाऊन बघतो की खरी फाईल आहे, तिच्या आत नाव लिहिलंय लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४, पण त्या नावाची लिंक नाही, मग तो ती लिंक स्वतः तयार करतो. म्हणून माझा होल्ड काही कामाचा नव्हता. कर्ल आणि पीएचपीला होल्ड होता, पण दुसरीच कुठली तरी लायब्ररी अपडेट झाली, ट्रिगर चालला आणि लिंक परत आली. उलट त्या होल्डमुळं पीएचपीचे सिक्युरिटी अपडेट अडकून पडले, ते तर जास्त वाईट. होल्ड हा ह्याच्यावरचा उपाय नाही.

यार्डातल्या माणसाला मी हे असं सांगितलं होतं. पोत्यावर मार्का असतो. दिवाणजीनं हमालाला सांगितलं अमुक मार्क्याचं पोतं आण, तर हमाल पोतं फोडून आत राजापुरी आहे का दुसरं काही हे बघत नाही, तो मार्का बघतो आणि ज्या गोदामात आधी गेला तिथं मिळालं की उचलतो. लायब्ररीच्या पोटात जे नाव लिहिलेलं असतं, एसओनेम म्हणतात ते, तो मार्का. लोडर म्हणजे हमाल. एलडीकॉन्फिग म्हणजे रोज गोदामं फिरून कुठल्या मार्क्याचा माल कुठं आहे ह्याची चिठ्ठी लिहिणारा आणि पाटी पडली असेल तर परत लावणारा माणूस. मी दरवेळी पाटी काढत होतो, माल तिथंच पडून होता. अण्णा म्हणाले, "मग माल हलीव की." एवढंच होतं खरं.

आता आधी यूएसआर-लोकलमध्येच का जातो हमाल, ते पण बघा. लोडरचा क्रम ठरलेला असतो. बायनरीत आरपाथ (लायब्ररी कुठल्या फोल्डरात शोधायची तो पत्ता) कोरलेला असेल, आणि रनपाथ (तसाच पत्ता, पण नंतर बघितला जाणारा) नसेल, तर आधी तो. मग एलडी-लायब्ररी-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग रनपाथ. मग एलडीकॉन्फिगनं लिहिलेली कॅश. शेवटी ठरलेले सिस्टिम फोल्डर. कॅशमध्ये फोल्डरांचा क्रम ईटीसीमधल्या एलडी-एसओ-कॉन्फ-डी फोल्डरातल्या फाईलींवरून येतो, त्या नावाच्या क्रमानं वाचल्या जातात. उबुंटूत लिबसी डॉट कॉन्फमध्ये यूएसआर-लोकल-लिब लिहिलेलं असतं आणि सिस्टिमच्या फोल्डरची फाईल एक्स८६ नं सुरू होते. एल आधी, एक्स नंतर. त्यामुळं दोन्हीकडं एकाच एसओनेमची लायब्ररी असेल तर लोकलवाली जिंकते. आणि लिबकर्लचं एसओनेम २००६ पासून ४ च आहे, ७.१६ आवृत्तीपासून, म्हणजे कुठलीही नवी-जुनी कर्ल बिल्ड करा, मार्का तोच पडणार. म्हणून कर्लच्या बाबतीत हे हमखास होतं.

लिंक उडवल्यावर मधले दिवस का चालायचं? कॅशमध्ये नाव असायचं पण फाईल उघडायला गेलं की नाही, मग लोडर शेवटच्या पायरीला म्हणजे सिस्टिमच्या फोल्डरात जायचा आणि तिथली बरोबर लायब्ररी घ्यायचा. आणि लिंक परत आली त्याच क्षणी बंद का पडायचं नाही? कारण चालू असलेल्या एफपीएमनं लायब्ररी आधीच मेमरीत घेतलेली असते, रिस्टार्ट होईपर्यंत तो जुन्यावरच चालतो. कधी पीएचपीचं अपडेट त्याच सकाळी यायचं आणि रिस्टार्ट व्हायचं, कधी मंगळवारी लिंक यायची आणि शनिवारी मी दुसऱ्याच कामासाठी रिस्टार्ट मारायचो आणि मला वाटायचं मीच आत्ता काहीतरी बिघडवलं. कारण आणि परिणाम ह्यांच्यात चार-चार दिवसांचं अंतर, म्हणून सापडत नव्हतं.

म्हणूनच मी आता पहिल्यांदा चालू प्रोसेसलाच विचारतो. एफपीएमचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घ्यायचा, प्रॉक फोल्डरात त्या नंबरच्या आत मॅप्स नावाची फाईल असते, त्यात लिबकर्ल ग्रेप करायचं, म्हणजे शोधायचं. तिथं जो पाथ दिसेल तीच लायब्ररी ह्या क्षणाला वापरात आहे, बाकी सगळा अंदाज. पाथच्या पुढं कंसात डिलीटेड असं दिसलं तर फाईल डिस्कवरून गेलीय किंवा बदललीय पण प्रोसेस अजून जुनीच धरून बसलीय, रिस्टार्ट लागणार. एलडीडी आणि पीएचपीची कमांड लाइन ह्या दोन्ही गोष्टी आत्ता नव्यानं चालू केलं तर काय मिळेल ते सांगतात, आणि ते पण तुमच्या लॉगिनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. वेबवर काय चाललंय ते वेगळं असू शकतं. टर्मिनलवर चालतंय आणि ब्राउझरमधून चालत नाही, किंवा उलट, असं दिसलं की हाच फरक आहे समजा. रिस्टार्टच्या वेळी लोडर कुठंकुठं शोधतो ते बघायचं असेल तर एलडी-डीबग बरोबर लिब्ज असं लावून पीएचपी हायफन एम चालवा, प्रत्येक ट्राय केलेला पाथ छापतो, लांबलचक येतं पण ग्रेप करून वाचलं की दुसरं काही लागत नाही.

आता दुसरी बाजू. मी लिंक काढून मोकळा व्हायचो पण काट्याच्या ॲपचं काय व्हायचं हे मला माहीतच नव्हतं. ते पायकर्ल, म्हणजे पायथॉनमधून लिबकर्ल वापरायचं पॅकेज, वापरतं, आणि पायकर्ल चालू होताना तपासतं की ज्या आवृत्तीवर बिल्ड झालो त्यापेक्षा जुनी लिबकर्ल तर मिळाली नाही ना. उबुंटू २२.०४ ची कर्ल ७.८१, त्यानं बिल्ड केलेली ८ ची. त्यामुळं माझी लिंक उडवून झाली आणि त्यानंतर त्याचं ॲप रिस्टार्ट झालं की त्याच्याकडं इम्पोर्ट एरर, 'लिंक-टाइम व्हर्जन इज ओल्डर दॅन कंपाइल-टाइम व्हर्जन', वजनं यायची बंद, तोलार वहीत आकडे लिहायचे. तो बिचारा एलडीकॉन्फिग मारायचा, त्याचं चालू व्हायचं. एकदा तर त्यानं एलडीकॉन्फिग मारलं म्हणूनच माझं बंद पडलं होतं. म्हणजे एकाचं चालू केलं की दुसऱ्याचं बंद, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्याच्यावर चिडून काही उपयोग नव्हता, त्याला कर्ल ८ खरंच हवी होती.

एचटीटीपीएस का नव्हतं ते पण विचारलं. कर्ल ७.७७ पासून बिल्ड करताना कॉन्फिगर विचारतं की टीएलएस कुठलं, सांगा, नाहीतर नको म्हणून सांगा, त्याशिवाय पुढं जात नाही. सर्व्हरवर ओपनएसएसएलचं डेव्हलपमेंट पॅकेज नव्हतं, त्याचं काटामशीन व्हीपीएनमधून साध्या एचटीटीपीवर बोलतं, मग त्यानं विदाउट-एसएसएल टाकून काम संपवलं. त्याच्या ॲपला त्यानं काहीच फरक पडला नाही. पण ती लायब्ररी सगळ्या सर्व्हरच्या वाटेत ठेवली गेली, फरक पडला तो आम्हाला.

शेवटी एका रविवारी, यार्ड बंद असतं तेव्हा, दोघांनी बसून केलं ते असं. लिब-एसएसएल-डेव्ह पॅकेज टाकलं. कर्ल ८ परत बिल्ड केली, पण प्रिफिक्स ऑप्ट-काटा फोल्डर देऊन, आणि विथ-ओपनएसएसएल. ऑप्ट-काटा-लिब हे नाव एलडी-एसओ-कॉन्फ-डीमध्ये मुद्दाम टाकलं नाही, टाकलं असतं तर परत सगळ्यांच्या चिठ्ठीत आलं असतं आणि मूळ दुखणं नुसतं फोल्डर बदलून तिथंच. त्याऐवजी पायकर्ल परत बिल्ड करताना एलडीफ्लॅग्जमधून आरपाथ दिला ऑप्ट-काटा-लिबचा, आणि कर्ल-कॉन्फिग पण तिथलंच दिलं. इथं एक फसगत झाली ती लक्षात ठेवा, पिपनं (पायथॉनची पॅकेजं टाकणारी कमांड) आधीचं बिल्ड केलेलं व्हील, म्हणजे तयार पॅकेज, स्वतःच्या कॅशमधून उचलून तेच परत टाकलं, आरपाथ काही आला नाही. नो-कॅश-डिर आणि पायकर्लपुरतं नो-बायनरी हे दोन्ही लावल्यावरच खरं बिल्ड झालं. झालं का नाही ते रीडएल्फ हायफन डीनं बघायचं, त्यात रनपाथची ओळ दिसली पाहिजे. उबुंटूचा लिंकर आरपाथ सांगितलं तरी रनपाथच लिहितो. त्याचा अर्थ एलडी-लायब्ररी-पाथ कुठं सेट असेल तर तो ह्याच्यावर मात करतो, आणि रनपाथ फक्त त्याच फाईलच्या थेट गरजांना लागू होतो, पुढच्या साखळीला नाही.

काट्याचं ॲप नवीन लायब्ररीवर चालू झालेलं मॅप्समध्ये बघितलं, आणि मगच यूएसआर-लोकलमधली जुनी काढली, ह्याच क्रमानं. बिल्ड केलेलं सोर्स फोल्डर होतं म्हणून तिथं मेक अनइन्स्टॉल चाललं. तुमच्याकडं सोर्स नसेल तर हातानं काढावं लागेल, आणि नुसती लायब्ररी काढून थांबू नका, यूएसआर-लोकल-बिनमधली कर्ल आणि कर्ल-कॉन्फिग, इन्क्लूडमधलं कर्ल फोल्डर, पीकेजी-कॉन्फिगमधली फाईल, सगळं काढा. हेडर मागं राहिले तर पुढच्या वेळी कुणी काही बिल्ड करेल ते ८ च्या हेडरवर आणि ७.८१ च्या लायब्ररीवर होईल, ते निस्तरणं अजून अवघड. मग एलडीकॉन्फिग, मग एलडीकॉन्फिग हायफन पी मध्ये ग्रेप, लिबकर्लची आता लोकलवाली ओळ नको. कर्ल हायफन कॅपिटल व्ही मारलं की पहिल्या ओळीत कर्लची आणि लिबकर्लची आवृत्ती शेजारी-शेजारी येते, दोन्ही सारखी पाहिजे, आणि प्रोटोकॉलच्या ओळीत एचटीटीपीएस पाहिजे. टर्मिनल जुनाच असेल तर हॅश हायफन आर मारा, बॅशला जुना पाथ आठवत असतो. त्यानंतर होल्ड काढले आणि राहिलेले अपडेट घेतले.

मुद्दाम मुख्य अडचणीच्या बाहेरचं थोडं लिहितो कारण कर्ल नसेल तर दुसरं काहीतरी असणार.

लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१ सापडत नाही असा एरर २२.०४ वर जुनं ॲप हलवलं की येतो. तिथं फक्त ओपनएसएसएल ३ आहे. जुनं १.१ चं पॅकेज कुठून तरी आणून टाकलं तर मार्का वेगळा असल्यानं ते शेजारी बसतं, चालतं सुद्धा, पण ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ ला संपलाय, वेबवर उघड्या सर्व्हरला ते मी ठेवणार नाही, ॲप नव्या ओपनएसएसएलवर परत बिल्ड करा. आणि एकाच प्रोसेसमध्ये १.१ आणि ३ दोन्ही आल्या तर वरवर चालतं आणि मधूनच सेगमेंटेशन फॉल्ट.

जीएलआयबीसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी, लिबसी) २.३४ नॉट फाउंड असं आलं तर नव्या मशीनवर बिल्ड केलेली बायनरी जुन्या मशीनवर आणलीय. २०.०४ वर जीएलआयबीसी २.३१ आहे, २२.०४ वर २.३५. ह्याला उपाय दोनच, जुन्या मशीनवर बिल्ड करा नाहीतर कंटेनरमध्ये चालवा. लिबसीची फाईल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी कधीही करू नका, कधीही, एलएस सुद्धा चालायचं बंद होतं आणि मग रेस्क्यू मोडशिवाय पर्याय नाही.

अपाचीत मॉड-पीएचपी आणि मॉड-डब्ल्यूएसजीआय (अपाचीच्या आतच पीएचपी आणि पायथॉन चालवणारी मॉड्यूल) दोन्ही लावलेत का बघा. अपाची मॉड्यूल उघडतो ते ग्लोबल पद्धतीनं, म्हणजे एका मॉड्यूलबरोबर आलेली फंक्शन दुसऱ्यालाही दिसतात, आणि एकाच नावाचं फंक्शन दोन लायब्ररीत असेल तर जी आधी आली तिचं लागतं. पूर्वी एक्सपॅट आणि मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीवरून हे पुष्कळ जणांनी सोसलंय. पीएचपी एफपीएमवर, पायथॉन गनिकॉर्नवर वेगळ्या सर्व्हिसमध्ये, अपाची पुढं नुसता प्रॉक्सी, म्हणजे प्रत्येकाची प्रोसेस वेगळी आणि एकाची लायब्ररी दुसऱ्याच्या मेमरीत यायचा प्रश्नच नाही.

आणि एलडी-लायब्ररी-पाथ प्रोफाइलमध्ये किंवा अपाचीच्या एन्व्हव्हार्समध्ये टाकायची सवय असेल तर सोडा. लॉगिन केल्यावर लागतो, सिस्टिमडीच्या सर्व्हिसला लागत नाही, आणि अपाचीत टाकला तर तिथून निघणाऱ्या प्रत्येक पोरग्या प्रोसेसला लागतो. अगदीच हवा असेल तर त्या एका ॲपच्या सर्व्हिस फाईलमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणून टाका.

ते झाल्यापासून मी एक छोटं पान ठेवलंय, फक्त लोकलहोस्टवरून उघडणारं, ते एफपीएमच्या आतूनच कर्ल-व्हर्जन विचारून प्रोटोकॉल छापतं. रोज सकाळी सव्वासातला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) डब्ल्यूगेटनं ते उघडतो, डब्ल्यूगेट मुद्दाम कारण तो लिबकर्ल वापरत नाही, आणि एचटीटीपीएस दिसलं नाही तर मला मेसेज येतो, यार्ड उघडायच्या आत. परवा सकाळी ६:५१ ला परत लिबसी-बिनचा ट्रिगर चालला, त्याच अपडेटमध्ये पीएचपी पण होतं, एफपीएम रिस्टार्ट झालं. मी उठून मॅप्स बघितलं, एफपीएमच्या प्रोसेसमध्ये लिबकर्ल ४.७.० सिस्टिमच्या फोल्डरातली, काट्याच्या प्रोसेसमध्ये ४.८.० ऑप्ट-काटामधली, आणि यूएसआर-लोकल-लिबमध्ये लिबकर्ल नावाचं काहीच नाही.